हँक ॲरन यांचे स्मरण जुन्या बेसबॉल कार्डांतून : कार्डे कशी निवडावीत, पारखावीत आणि जपावीत

हँक ॲरन १९५४ ते १९७६ असे सलग २३ हंगाम अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगमध्ये खेळले, आणि त्या प्रत्येक वर्षी टॉप्स या कंपनीने त्यांचे एक नियमित कार्ड काढले. बबलगमच्या पाकिटातून पोरांच्या हाती पडणारी ही पुठ्ठ्याची छोटी चित्रे आज एका थोर खेळाडूच्या आयुष्याची वर्षावार नोंदवही झाली आहेत. २२ जानेवारी २०२१ रोजी अटलांटा येथे, वयाच्या ८६ व्या वर्षी ॲरन यांचे निधन झाले. त्यांची आठवण जपण्यासाठी ज्यांना अशी कार्डे जमवायची आहेत, विशेषतः अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि मुलांमुळे बेसबॉलची गोडी लागलेल्या मराठी घरांतील वाचकांसाठी, हा लेख लिहिला आहे. कार्डांच्या बाजारभावावर भरपूर लिहिले जाते. येथे मात्र कार्ड हे स्मरणाचे साधन मानले आहे, आणि त्यामुळे काय घ्यावे व काय सोडावे याची उत्तरे पुष्कळदा बाजाराच्या उत्तरांहून वेगळी येतात.

आधी माणूस, मग कार्ड

पहिले काम कागद-पेन्सिल घेऊन करायचे आहे. ज्यांच्या स्मरणार्थ संग्रह उभा करायचा, त्यांच्या आयुष्यातील मोजके टप्पे लिहून काढावेत आणि प्रत्येक टप्प्यासमोर त्या वर्षाचे कार्ड मांडावे. असे केले नाही, तर जे स्वस्तात समोर येईल ते घेतले जाते आणि वर्षभरात ढीग जमतो, पण त्या ढिगातून कोणतीच गोष्ट उभी राहत नाही.

ॲरन यांचे टप्पे साधारण असे मांडता येतील. अलाबामा राज्यातील मोबील येथे ५ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचा जन्म झाला. १९५२ मध्ये ते कृष्णवर्णीय खेळाडूंच्या लीगमधील इंडियानापोलिस क्लाउन्स या संघाकडून खेळले आणि त्याच वर्षी ब्रेव्हज संघाने त्यांना करारबद्ध केले. १९५३ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनविल येथे खेळताना, दक्षिणेतील ज्या लीगमध्ये तोवर केवळ गोरे खेळाडू होते तेथे प्रवेश करणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीयांपैकी ते एक ठरले, आणि प्रेक्षकांच्या शिव्या ऐकत त्यांनी त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू होण्याचा मान मिळवला. १९५४ च्या वसंतात ब्रेव्हजच्या बॉबी थॉमसन यांचा घोटा मोडला, संघात जागा रिकामी झाली आणि १३ एप्रिल १९५४ रोजी ॲरन मिल्वॉकी ब्रेव्हजकडून मुख्य लीगमध्ये उतरले. १९५७ साली ते नॅशनल लीगचे (मुख्य बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक) सर्वात मौल्यवान खेळाडू ठरले आणि मिल्वॉकीने न्यूयॉर्क यांकीज संघाला हरवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम विजेतेपद मालिका, जिंकली. १९६६ मध्ये संघ अटलांटाला, म्हणजे पुन्हा दक्षिणेत, गेला. ८ एप्रिल १९७४ रोजी ॲरन यांनी ७१५ वी होमरन मारून बेब रूथ यांचा विक्रम ओलांडला. अखेरचे दोन हंगाम ते मिल्वॉकी ब्रुअर्सकडून खेळले आणि १९८२ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, निवडले गेले.

बेसबॉलशी फारसा परिचय नसलेल्यांनी होमरन म्हणजे आपला षटकार एवढे धरले तरी चालेल, मात्र तो मारणे षटकारापेक्षा कितीतरी दुर्मीळ आहे. ॲरन यांच्या नावावर ७५५ होमरन आहेत. त्या सगळ्या वजा केल्या, तरी त्यांचे ३,००० हून अधिक यशस्वी फटके शिल्लक राहतात, कारण त्यांच्या फटक्यांची एकूण संख्या ३,७७१ आहे. होमरनांचा विक्रम २००७ मध्ये बॅरी बाँड्स यांनी मागे टाकला, परंतु २,२९७ धावा घडवून आणण्याचा ॲरन यांचा विक्रम अद्याप अबाधित आहे.

कोणती कार्डे निवडावीत

तेवीसच्या तेवीस कार्डे जमवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. माझा सल्ला सात-आठ कार्डांपासून सुरुवात करण्याचा आहे, आणि तीही आयुष्याच्या वळणांवरची असावीत.

१९५४ चे टॉप्स क्रमांक १२८ हे ॲरन यांचे पहिले कार्ड, म्हणजेच रुकी कार्ड. नारिंगी पार्श्वभूमीवर वीस वर्षांच्या तरुणाचा रंगीत चेहरा आणि बाजूला कृष्णधवल लहान छायाचित्र अशी त्याची मांडणी आहे. नाव ‘हँक’ असे नसून ‘हेन्री ॲरन’ असे छापलेले आहे. हे कार्ड महाग आहे. झिजलेल्या, दुमडलेल्या अवस्थेतही त्याला हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक मोजावे लागतात. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी अजिबात खंत करू नये, कारण टॉप्सने तोच चेहरा १९५५ च्या क्रमांक ४७ वर आणि १९५६ च्या क्रमांक ३१ वर पुन्हा वापरला. यांपैकी एखादे साधारण अवस्थेतील कार्ड घेतले, तर तोच तरुण ॲरन आपल्या हाती येतो आणि खर्च कितीतरी कमी होतो.

१९५६ चे कार्ड आणखी एका कारणाने पाहण्याजोगे आहे. त्यावरच्या लहान चित्रात होम प्लेटकडे, म्हणजे जेथे पोहोचल्यावर धाव पूर्ण होते त्या जागेकडे, घसरत येणारा जो खेळाडू दिसतो, तो ॲरन नसून विली मेज आहेत. छायाचित्र रंगवून त्यांना ब्रेव्हजचा पोशाख चढवला गेला. दोन्ही थोर खेळाडू अलाबामाचे आणि दोघेही कृष्णवर्णीयांच्या लीगमधून वर आलेले. मेज यांचे निधन १८ जून २०२४ रोजी झाले. त्यामुळे हे एकच कार्ड आता दोघांच्या आठवणीचे झाले आहे.

१९५७ चे क्रमांक २० हे माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलके कार्ड आहे. ॲरन उजव्या हाताने खेळत, परंतु निगेटिव्ह उलटी छापली गेल्यामुळे या कार्डावर ते डाव्या हाताने बॅट धरून उभे दिसतात. कार्ड जरा उजेडात धरून छातीकडे पाहिले की ४४ हा त्यांच्या पोशाखावरचा प्रसिद्ध क्रमांक उलटा उमटलेला दिसतो. मुलांच्या हाती हे कार्ड देऊन ‘यात काय चुकले आहे?’ असे विचारावे. उत्तर सापडेपर्यंत मुले चित्र बारकाईने न्याहाळतात, आणि ज्या वर्षी ॲरन लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले त्याच वर्षीच्या कार्डाकडे त्यांचे लक्ष आपोआप वळते.

त्यानंतर १९६६ चे क्रमांक ५०० घ्यावे, कारण ते संघाच्या अटलांटातील पहिल्या वर्षाचे आहे. मग १९७३ चे क्रमांक १ घ्यावे. या कार्डावर रूथ, ॲरन आणि मेज एकत्र आहेत आणि त्या क्षणापर्यंतचे त्यांचे होमरनांचे आकडे अनुक्रमे ७१४, ६७३ आणि ६५४ असे होते. या कार्डाशेजारी जी टीप लिहायची, तिच्यात केवळ आकडे नसावेत. एक कृष्णवर्णीय खेळाडू रूथ यांच्या विक्रमाजवळ पोहोचतो आहे हे सहन न झालेल्या लोकांनी त्या वर्षी ॲरन यांना द्वेषाची आणि जिवे मारण्याच्या धमक्यांची असंख्य पत्रे पाठवली. त्यांना सोबत अंगरक्षक ठेवावा लागला. ती पत्रे त्यांनी फेकून न देता जपून ठेवली. हे सांगितल्याशिवाय हसऱ्या चेहऱ्यांचे ते कार्ड अपुरे राहते.

१९७४ चा संच तर स्मरणासाठीच काढल्यासारखा आहे. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा ॲरन ७१३ वर, म्हणजे बरोबरीला एक कमी, थांबले होते. तरीही टॉप्सने क्रमांक १ च्या कार्डावर त्यांना ‘होमरनांचा नवा सार्वकालिक राजा’ म्हणून छापून टाकले, तेही विक्रम प्रत्यक्षात होण्याआधी. ४ एप्रिल रोजी सिनसिनाटी येथे हंगामातील पहिल्याच फटक्यावर ७१४ वी आणि चार दिवसांनी अटलांटात अल डाउनिंग यांच्या चेंडूवर ७१५ वी होमरन झाली, आणि कार्ड खरे ठरले. याच संचातील क्रमांक २ ते ६ या कार्डांवर ॲरन यांच्या १९५४ पासूनच्या टॉप्स कार्डांची छोटी चित्रे छापलेली आहेत. ज्याला मर्यादित पैशांत पूर्ण कारकीर्द डोळ्यांसमोर हवी आहे, त्याने ही सहा कार्डे सर्वांत आधी घ्यावीत. चांगल्या अवस्थेतही ती सर्वसामान्य संग्राहकाच्या आवाक्यात असतात.

शेवटी १९७६ चे क्रमांक ५५०, म्हणजे खेळाडू म्हणून निघालेले त्यांचे अखेरचे नियमित कार्ड.

अवस्था कशी वाचावी

जुन्या कार्डाची अवस्था चार गोष्टींवरून ठरते : चित्राभोवतीचे समास दोन्ही बाजूंना सारखे आहेत का, कोपरे टोकदार आहेत की गोलावले आहेत, कडा कुरतडल्या आहेत का, आणि पृष्ठभागावर घडी, ओरखडे किंवा डाग आहेत का. व्यावसायिक ग्रेडिंग कंपन्या, उदाहरणार्थ पीएसए, एसजीसी आणि बेकेट, कार्ड तपासून त्याला सामान्यतः १ ते १० पर्यंत गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या बंद कवचात, म्हणजे स्लॅबमध्ये, ते घालून देतात.

स्मरणसंग्रहासाठी उच्च गुणांच्या मागे धावू नये, असे माझे ठाम मत आहे. तीन किंवा चार गुणांचे कार्ड, ज्याचे कोपरे मुलांच्या हाताळण्याने मऊ झाले आहेत पण चेहरा स्वच्छ दिसतो, ते भिंतीवर किंवा अल्बममध्ये तितकेच सुंदर दिसते आणि नऊ गुणांच्या कार्डाच्या अगदी अल्प किमतीत मिळते. मागच्या बाजूला गमचा तपकिरी डाग किंवा पाकिटाच्या मेणाचा तेलकट ठसा असेल, तर तो कार्डाच्या मूळ प्रवासाचा भाग आहे. मात्र दोन दोष टाळावेत : चेहऱ्यावरून जाणारी घडी, आणि मागच्या बाजूचा कागद निघाल्यामुळे पुसला गेलेला मजकूर. पहिल्याने चित्र बिघडते आणि दुसऱ्याने आकडेवारी वाचता येत नाही, आणि आपल्याला या दोन्ही गोष्टी हव्या आहेत.

वर्षावार काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. १९७१ च्या कार्डांची चौकट काळी आहे, त्यामुळे कडेचा किंचितसा पांढरा टवकाही लगेच दिसतो. त्या वर्षाचे (क्रमांक ४००) कार्ड घेताना अपेक्षा खाली आणाव्यात. १९७३ पर्यंत टॉप्स एका वर्षाची कार्डे टप्प्याटप्प्याने, मालिकांमध्ये, बाजारात आणत असे, आणि हंगाम संपत आला की मुलांचे लक्ष फुटबॉलकडे वळत असल्यामुळे शेवटच्या मालिका कमी विकल्या जात. म्हणून १९५९ चे क्रमांक ५६१ किंवा १९६१ चे क्रमांक ५७७ ही ॲरन यांची ऑल-स्टार कार्डे, म्हणजे निवडक उत्तम खेळाडूंसाठी काढलेली जादा कार्डे, तुलनेने दुर्मीळ आहेत. गोष्ट सांगण्यासाठी त्यांची गरज नाही.

खरे कार्ड आणि नक्कल

ॲरन यांच्या कार्डांची अधिकृत पुनर्मुद्रणेही निघाली आहेत. २००० साली खुद्द टॉप्सने त्यांची जुनी कार्डे पुन्हा छापली. अधिकृत पुनर्मुद्रणावर नंतरच्या काळाची खूण असते आणि ते प्रामाणिकपणे पुनर्मुद्रण म्हणून विकले जात असेल तर त्यात गैर काही नाही. फसवणूक होते ती खूण नसलेल्या, मुद्दाम चहाच्या पाण्यात बुडवून किंवा घासून जुन्या भासवलेल्या नकलांमुळे.

यासाठी जवाहिऱ्यांकडे असते तसे दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. त्यातून आधी चेहरा पाहावा : रंग एकसलग नसून सूक्ष्म ठिपक्यांनी बनलेला दिसेल. हे अस्सल कार्डातही असते, त्यामुळे एवढ्यावर काही ठरत नाही. आता भिंग नावाच्या काळ्या अक्षरांवर आणावे. अस्सल कार्डात ही अक्षरे स्वतंत्र काळ्या शाईने छापलेली असल्यामुळे भरीव आणि कडेने स्वच्छ दिसतात. छायाचित्र घेऊन किंवा स्कॅन करून केलेल्या नकलेत तीच अक्षरे रंगीत ठिपक्यांत फुटलेली दिसतात. एकदा हा फरक डोळ्यांत बसला की पुढची तपासणी काही क्षणांची होते.

याहून सोपा आणि खात्रीचा उपाय असा की ज्या वर्षाचे ॲरन यांचे कार्ड घ्यायचे, त्याच वर्षाचे एखाद्या अप्रसिद्ध खेळाडूचे कार्ड आधी विकत घ्यावे. ते अगदी थोड्या पैशांत मिळते आणि त्याची नक्कल करण्यात कोणालाही रस नसतो. पुठ्ठ्याची जाडी, मागच्या बाजूचा रंग, शाईची चमक, कार्डाचे माप या सगळ्यांसाठी ते आपले प्रमाण ठरते. मापाची तपासणी विशेष महत्त्वाची आहे, कारण झिजलेल्या कडा कापून कार्ड नवे भासवण्याचा प्रकार जुना आहे. १९५४, १९५५ आणि १९५६ ची टॉप्स कार्डे २⅝ × ३¾ इंच आहेत आणि १९५७ पासून २½ × ३½ इंच हे माप रूढ झाले. दोन कार्डे पाठीला पाठ लावून धरली की कापलेले कार्ड किंचित आखूड दिसते.

खरेदी करताना

१९५४ चे रुकी कार्ड, किंवा शंभर-दोनशे डॉलरांहून महाग असे कोणतेही कार्ड, नामांकित कंपनीच्या स्लॅबमध्येच घ्यावे आणि स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. स्वस्त कार्डांसाठी स्लॅबची गरज नाही. त्यांच्यासाठी कार्डांची प्रदर्शने आणि गावातील कार्ड-दुकाने उत्तम, कारण तेथे कार्ड हातात घेऊन पाहता येते. भाव ठरवताना विक्रेत्याने सांगितलेली किंमत पाहू नये. त्याच ग्रेडच्या कार्डाचे प्रत्यक्षात झालेले अलीकडचे पाच-सहा सौदे पाहावेत. एखाद्या खेळाडूच्या निधनानंतर लगेच मागणी वाढते आणि भाव चढतात, म्हणून त्या आठवड्यांत खरेदी न करता थांबणे शहाणपणाचे असते.

भारतातून मागवणाऱ्यांनी टपालखर्च आणि संभाव्य सीमाशुल्क आधीच हिशेबात धरावे. अमेरिकेतील आप्तांच्या पत्त्यावर कार्डे गोळा करून ती हातसामानातून आणणे हा मार्ग अनेकांना अधिक सोयीचा पडतो. कार्डे सुटकेसमधून विमानाच्या मालकप्प्यात मात्र देऊ नयेत.

जपणूक

प्रत्येक कार्ड आधी पॉलिप्रोपिलीनच्या पातळ स्लीव्हमध्ये (पारदर्शक पिशवीत) आणि मग कडक टॉपलोडरमध्ये (वरून उघड्या प्लास्टिकच्या पाकिटात) ठेवावे. १९५४ ते १९५६ च्या कार्डांसाठी मोठ्या मापाची स्लीव्ह लागते. नेहमीच्या स्लीव्हमध्ये ती कोंबली की कोपरे दुमडतात. जुन्या अल्बमांची मऊ, उग्र वासाची पीव्हीसी पाने वापरू नयेत, कारण त्यांतून झिरपणारी रसायने कार्डाला चिकटतात. रबर बँड आणि चिकटपट्टी कार्डाच्या जवळही येऊ देऊ नये.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात कार्डे ठेवणाऱ्यांचा खरा शत्रू पावसाळा आहे. दमट हवेत पुठ्ठा ओलावा शोषतो, बाक धरतो आणि त्यावर बुरशी येते. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र ठेवावे, काटा साधारण ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील असे पाहावे आणि पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात किंवा पोटमाळ्यावर न ठेवता आतल्या खोलीत, जमिनीपासून वर ठेवावा. कागद खाणाऱ्या कसरीसाठी आपल्याकडे कपाटात डांबराच्या गोळ्या टाकण्याची पद्धत आहे; कार्डांजवळ त्या ठेवू नयेत, त्यांची वाफ प्लास्टिकच्या कवचांना बाधते. स्वच्छ कपाट आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक नजर एवढे पुरते. भिंतीवर कार्ड लावायचे असल्यास अतिनील किरणे अडवणारी काच वापरावी आणि थेट उन्हाची भिंत टाळावी. लाल आणि नारिंगी रंग उन्हात लवकर उडतात.

टिपा आणि मांडणी

संग्रहाला स्मरणाचे रूप येते ते टिपांमुळे. प्रत्येक कार्डासाठी आम्लविरहित कागदाची तेवढ्याच आकाराची चिठ्ठी कापावी, तिच्यावर पेन्सिलीने किंवा न पसरणाऱ्या शाईने चार-पाच वाक्ये लिहावीत आणि ती अल्बममध्ये शेजारच्या कप्प्यात सरकवावी. कार्डावर स्वतः काहीही लिहू नये. टिपेत वर्ष, संघ, त्या वर्षी घडलेली एक गोष्ट आणि कार्डावर पाहण्याजोगी एक खूण असावी. टीप मराठीत लिहावी. घरातील आजी-आजोबांनाही ती वाचता आली पाहिजे आणि नातवंडांनी ती त्यांच्याकडून वाचून घेतली पाहिजे. अल्बम उघडण्यासाठी ८ एप्रिल, म्हणजे ७१५ व्या होमरनचा दिवस, मला सर्वांत योग्य वाटतो.

अल्बममधील प्रत्येक पानावर कार्डाची दोन्ही अंगे दिसतील अशी सोय करावी, कारण मागच्या बाजूचे आकडे वर्षागणिक वाढत जाताना पाहणे हाच या संग्रहाचा गाभा आहे. मात्र हे आकडे शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. प्रत्येक कार्डाच्या पाठीवर आदल्या हंगामापर्यंतचीच बेरीज असते, आणि १९७६ च्या हंगामानंतर ॲरन निवृत्त झाले. त्यामुळे क्रमांक ५५० च्या पाठीवर होमरनांचा आकडा ७४५ येथे थांबतो. उरलेल्या दहा आपल्या चिठ्ठीवर आपण लिहायच्या आहेत, आणि त्यांतील शेवटची, २० जुलै १९७६ रोजी मिल्वॉकीच्या काउंटी स्टेडियमवर कॅलिफोर्निया एंजल्सच्या डिक ड्रॅगो यांच्या चेंडूवर मारलेली ७५५ वी, तारखेसह लिहावी.